बरडीवरील सुगंधी गवत आणि त्याची सोबती पिके

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग साकोलीच्या पुढे गोंदिया जिल्ह्यात शिरतो आणि सौंदड, सडक अर्जुनी, कोहमारा ही गावे ओलांडून देवरीच्या दिशेने जातो. पूर्वी ६ क्रमांकाने ओळखला जाणारा हा मार्ग आज ५३ क्रमांकाचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला आणि सडक अर्जुनी तालुका नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. उत्तरेस नागझिरा आणि दक्षिणेस नवेगाव अशी दोन वनक्षेत्रे या तालुक्याला लागून आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये ही दोन्ही क्षेत्रे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात एकत्र आली.

तालुक्याचे मुख्य पीक धान. पाऊस चांगला, म्हणजे सामान्यतः १,२०० ते १,४०० मि.मी.; परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मोरांड, सिहार अशा जमिनींत बांध्या घालून धानाची रोवणी होते. बोड्या आणि मामा तलाव यांचा या बांध्यांना आधार असतो. मात्र बांधीच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला, तांबडी, मुरमाड, उथळ अशी बरडी जमीन असते. तिच्यात पाणी ठरत नाही, म्हणून धान होत नाही. कोदो, तीळ किंवा उडीद टाकला तर पिकाचा बराच भाग रानडुकरे आणि हरणे नेतात. पुष्कळ कुटुंबांनी ही जमीन पडीकच ठेवली आहे. पडीक बरडीची माती दर पावसाळ्यात वाहून खालच्या बोडीत साचते, म्हणजे नुकसान दुहेरी होते.

या बरडीचा उपयोग कसा करावा, या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक उत्तर म्हणजे तेल देणारी बहुवर्षायू सुगंधी गवते आणि त्यांच्या ओळींत घेतलेल्या तुळशीसारख्या सुगंधी वनस्पती. हे उत्तर आकर्षक आहे आणि म्हणूनच त्याचा नीट अभ्यास झाला पाहिजे. मिश्रपिकाचा विचार न करता नुसते गवत लावले तर पहिल्या वर्षी शेतकऱ्याच्या हाती फार थोडे येते, आणि ऊर्ध्वपातनाची सोय न पाहता लावले तर काहीच येत नाही.

खानदेशाचा धडा

महाराष्ट्राला सुगंधी गवताचे तेल नवे नाही. ज्या गवताला मराठीत रोशा, रोहिष किंवा तिखाडी म्हणतात, ते मध्य भारतातील आणि विदर्भातील कोरड्या, विरळ वनांत आपोआप वाढते. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी असे आहे. लखनौ येथे स्थायिक झालेले सेनाधिकारी क्लॉड मार्टिन यांनी या गवताचे बी दक्षिणेतून आणून वाढविले आणि रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले.

एकोणिसाव्या शतकात पश्चिम खानदेशात रोशा तेलाचा मोठा धंदा होता. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन आढळते. डोंगरउतारावरचे, विशेषतः अक्राणी भागातील, गवत पावसाळा सरताच कापावयाचे आणि ओढ्याकाठी मांडलेल्या भट्टीवर त्याचे तेल काढावयाचे, अशी पद्धत होती. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि तेथून तुर्कस्थानात जाई. तेथे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होत असे. युरोपच्या बाजारात ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणून ओळखले जाई. उगम मात्र खानदेश आणि निमाड येथील डोंगरांत होता.

या इतिहासातील एक गोष्ट आजच्या कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. धंद्याचे मूळ ठिकाण पिंपळनेर हे होते. कालांतराने त्या परिसरात गवत दुर्मीळ झाले आणि भट्ट्या नंदुरबार, शहादे, तळोदे या बाजूला सरकल्या. जे रानातून कापून आणावयाचे, पण लावावयाचे नाही, ते संपते. जंगलाला लागून असलेल्या सडक अर्जुनी तालुक्यात हा धडा अधिकच लागू पडतो. तेलासाठी गवत हवे असेल तर ते शेतात, लागवड करूनच मिळविले पाहिजे.

कोणते गवत कोठे

रोशा गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल या द्रव्याचे प्रमाण ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत असते आणि साबण व सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यांना तेच हवे असते. सोफियाच्या तेलात ते पुष्कळच कमी भरते. वरवर पाहता दोन्ही गवते इतकी सारखी दिसतात की रानातून गोळा केलेल्या बियांत दोहोंची सरमिसळ होते. म्हणून बी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावयास हवे. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने विकसित केलेले पीआरसी-१, तृष्णा, तृप्ता हे वाण प्रचलित आहेत. कोरडवाहू बरडीसाठी रोशा हेच पहिले गवत मानावे. ते पाण्याचा ताण सहन करते आणि एकदा जम बसला की चार-पाच वर्षे कापणी देते.

विहिरीचे किंवा बोडीचे थोडे पाणी उपलब्ध असेल तेथे गवती चहा घेता येतो. त्याच्या तेलात सिट्राल हे मुख्य द्रव्य सुमारे ७५ ते ८५ टक्के असते. गवती चहा बियांऐवजी ठोंबांपासून लावतात. पहिली कापणी लागवडीनंतर साधारण ९० ते १०० दिवसांनी आणि पुढील कापण्या ओलावा असेपर्यंत ६० ते ७० दिवसांच्या अंतराने मिळतात. जावा सिट्रोनेलाचीही गरज साधारण अशीच आहे. या तिन्ही गवतांना साचलेले पाणी सोसत नाही. धानाच्या बांधीत ती लावणे म्हणजे धानही घालविणे आणि गवतही घालविणे होय.

वाळा मात्र ओल सहन करतो. त्याचे तेल मुळांत असते आणि मुळे खणण्यासाठी साधारण १५ ते १८ महिने थांबावे लागते. बोडीच्या पाळीवर किंवा धुऱ्यावर माती धरण्यासाठी लावलेला वाळा तेलासाठी खणू नये. तसे केल्यास पाळच सैल होईल. तेलासाठी वाळा हवा असेल तर तो रेताड जमिनीच्या वेगळ्या तुकड्यात घ्यावा.

मिश्रपिकाचे तत्त्व

झाडीपट्टीतील शेतकऱ्याला मिश्रपिकाचे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. धान उभे असतानाच बांधीच्या ओलीत लाखोळी टाकण्याची उतेरा पद्धत आणि धुऱ्यावर तूर लावण्याची रीत ही त्याच तत्त्वाची रूपे आहेत. पहिलीत एका पिकाने सोडलेला काळ दुसरे पीक वापरते. दुसरीत एका पिकाने सोडलेली जागा वापरली जाते.

सुगंधी गवतात जागा आणि काळ या दोन्ही गोष्टी रिकाम्या राहतात. रोशाची रोपे ६० सें.मी. अंतराच्या ओळींत लावली जातात. पहिल्या दोन महिन्यांत ती हळू वाढतात आणि ओळींमधील जमीन उघडी राहते. उघड्या जमिनीवर तण माजते, मुसळधार पावसाने माती धुपते, आणि मजुरी मात्र वाढत जाते. या दोन-अडीच महिन्यांत वाढून निघून जाणारे, उथळ मुळांचे आणि गवताच्या आधी कापणीस येणारे पीक ओळींत घेतले तर तणाची जागा ते घेते आणि गवताला आडकाठीही होत नाही.

या कसोट्यांना तुळशीवर्गीय वनस्पती चांगल्या उतरतात. सिम-आयु हा तुळशीचा वाण आहे आणि त्याच्या तेलात युजेनॉल हे द्रव्य प्रमुख असते. सिम-सौम्या हा सब्जाच्या जातीचा लवकर येणारा वाण आहे. दोन्ही पिके लागवडीनंतर सुमारे ७५ ते ९० दिवसांत, पूर्ण फुलोऱ्यात असताना कापली जातात. घरच्या डाळीची गरज असेल तर काही ओळींत मूग, उडीद किंवा चवळी घेता येते. ही पिके जमिनीत नत्राची भर घालतात. तुरीची एखादी ओळही चालते. तूर उंच व दीर्घ मुदतीची असल्याने तिच्या ओळी मात्र विरळ ठेवाव्या लागतात, अन्यथा गवतावर सावली पडते. पुदिन्याला उन्हाळ्यात भरपूर पाणी लागते, म्हणून पाण्याची हमी नसलेल्या बरडीत तो घेऊ नये.

दुसऱ्या वर्षी गवताचे ठोंब मोठे होतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर ते नव्याने फुटत असताना मुगासारखे लवकर येणारे एखादे पीक तेवढे साधते. तिसऱ्या वर्षापासून ओळींत जागाच उरत नाही. अशा वेळी हट्टाने मिश्रपीक घेतल्यास दोन्ही पिकांचे नुकसान होते. नव्या लागवडीतील मोकळीक भरून काढणे एवढेच सोबती पिकाचे काम आहे.

रोवणीशी सांगड

सुगंधी पिकांच्या माहितीपुस्तिकांत बहुधा न आढळणारी, परंतु सडक अर्जुनीत यशापयश ठरविणारी बाब म्हणजे मजुरांची उपलब्धता. जुलै महिना हा रोवणीचा. गावातील सर्व हात, विशेषतः स्त्रियांचे, तेव्हा चिखलात असतात. ऑक्टोबरपासून हलक्या धानाची आणि पुढे भारी धानाची कापणी चालते. सुगंधी गवताची कामे याच आठवड्यांत आली तर धानच प्रथम होईल, आणि तेच योग्यही आहे. म्हणून गवताचे वेळापत्रक धानाच्या कामांमधील फटींत बसविले पाहिजे.

रोशाचे बी बारीक असते. ते वाळूत मिसळून मेच्या पूर्वार्धात, पाण्याची सोय असेल अशा ठिकाणी, वाफ्यावर टाकावे. तुळशीची रोपेही याच सुमारास तयार करावीत. चार ते सहा आठवड्यांत रोपे १५ ते २० सें.मी. उंचीची होतात. जूनच्या अखेरच्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस होताच, धानाचे पऱ्हे रोवणीस येण्यापूर्वी, बरडीतील लागवड उरकावी. त्यासाठी जमीन उन्हाळ्यातच नांगरून, शेणखत मिसळून तयार असावी. ओळी उताराला आडव्या असाव्यात. म्हणजे वाहत्या पाण्याला अडथळा होतो आणि मातीही टिकते. पहिली खुरपणी तीन आठवड्यांच्या आत व्हावी. ती रोवणीच्या गर्दीत सापडते, म्हणून तिची तजवीज घरच्या माणसांतच केलेली बरी.

तुळस सप्टेंबरच्या उत्तरार्धात कापणीस येते. रोवणी व निंदणी संपलेली आणि धानाची कापणी सुरू न झालेली, असा हा मोकळा काळ असतो. गवताच्या दृष्टीनेही ही वेळ सोयीची आहे. तुळस निघून गेली की रोशाला फुटवे पसरण्यास जागा मिळते. रोशाचा फुलोरा त्यानंतर येतो आणि पहिली कापणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे हलके धान घरात आल्यावर, करता येते. फुलोरा उमलल्यानंतर सात ते दहा दिवसांनी गवत कापावे. रोशाचे तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानांत असते, जाड दांड्यात अगदीच थोडे. फार लवकर कापले तर तेल कमी मिळते आणि फार उशीर केला तर त्याचा दर्जा घसरतो.

चाळीस आरांचे गणित

एक उदाहरण घेऊन हा हिशेब समजून घेता येईल. बरडीचा १०० मीटर लांब व ४० मीटर रुंद असा ४० आरांचा, म्हणजे साधारण एक एकराचा, तुकडा आहे असे समजा. लांबीच्या दिशेने ६० सें.मी. अंतरावर रोशाच्या ६६ ओळी बसतात. ओळीत रोपांमधील अंतर ४५ सें.मी. ठेवले तर एका ओळीत २२२ आणि एकूण सुमारे १४,६०० रोपे लागतात. एक आड एक पोटओळीत तुळस लावली तर तुळशीच्या ३३ ओळी होतात, ४० सें.मी. अंतराने ओळीला २५० आणि एकूण ८,२५० रोपे बसतात. उरलेल्या पोटओळी खुरपणीसाठी आणि चालण्यासाठी मोकळ्या राहतात.

नियोजनापुरते तुळशीच्या एका रोपाचा ओला पाला २०० ग्रॅम धरला तर तुळशीचा माल १,६५० किलो होतो. रोशाचा पहिल्या वर्षीचा एका कापणीचा माल अडीच टन धरू. रोशात तेलाचे प्रमाण ओल्या गवताच्या सुमारे अर्धा टक्का असते. म्हणजे अडीच टनांपासून १२ ते १३ किलो तेल मिळेल. तुळशीत तेल याहून कमी, शंभर किलोस साधारण १०० ते ४०० ग्रॅम, म्हणजे या मालापासून दीड ते साडेसहा किलो निघते. जमीन, पाऊस आणि निगा यांप्रमाणे हे आकडे बदलतील. तरीही प्रत्येक इच्छुक शेतकऱ्याने आणि पंचायतीने असा हिशेब आधी कागदावर मांडून पाहावा.

मिश्रपीक खरोखर लाभाचे झाले की नाही हे मोजण्याची एक सोपी रीत कृषिशास्त्रात आहे. तिला भूमी-तुल्यता गुणोत्तर म्हणतात. नुसत्या गवताचे उत्पन्न १ मानावे. मिश्रपिकातील गवताने त्याच्या नऊ-दशांश, म्हणजे ०.९, उत्पन्न दिले आणि तुळशीने नुसत्या तुळशीच्या चार-दशांश, म्हणजे ०.४, दिले, तर बेरीज १.३ होते. याचा अर्थ, हेच उत्पन्न वेगवेगळे घ्यावयाचे तर १.३ एकर जमीन लागली असती. बेरीज १ च्या खाली आली तर सोबती पीक चुकले, असे समजावे.

भट्टीचा विचार आधी

ओले गवत दूर नेऊन विकता येत नाही. शंभर किलो गवतात तेल असते अर्धा किलो. म्हणून तेल गावाच्या जवळच काढावे लागते. क्षेत्रीय ऊर्ध्वपातन संयंत्राचे भाग फार गुंतागुंतीचे नाहीत. खाली भट्टी, तिच्यावर पाण्याची व गवताची टाकी, घट्ट झाकण, वाफ वाहून नेणारी नळी, थंड पाण्यातील शीतक आणि शेवटी तेल व पाणी वेगळे करणारे भांडे. वाफ गवतातून जाताना तेलाला बरोबर घेते, शीतकात दोहोंचे द्रव होते, आणि रोशा, गवती चहा किंवा सब्जा यांचे तेल पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते. युजेनॉल हे द्रव्य मात्र स्वतः पाण्याहून जड असते. म्हणून सिम-आयुसारख्या युजेनॉलप्रधान तुळशीचे तेल काढताना विभाजकाच्या तळाशी काही तेल बसते काय, हे पाहिल्याशिवाय खालचे पाणी सोडून देऊ नये. रोशाच्या एका भरणीस अडीच ते तीन तास आणि तुळशीस एक ते दीड तास वाफ द्यावी लागते.

पाचशे किलोच्या टाकीत वरील तुकड्याच्या रोशाच्या पाच भरण्या होतात. भरणे, तापविणे, तेल काढणे आणि चोथा उपसणे मिळून दिवसाला दोन भरण्या धरल्यास तीस दिवसांत ६० भरण्या होतील, म्हणजे एका संयंत्राला असे बारा तुकडे, सुमारे पाच हेक्टर लागवड, पुरे. एका शेतकऱ्याला स्वतंत्र संयंत्र परवडणार नाही आणि पन्नास शेतकऱ्यांना एकच संयंत्र पुरणार नाही. कापणी लांबली तर तेल घटते, म्हणून लागवडीचे क्षेत्र संयंत्राच्या शक्तीवरून ठरवावे.

येथे मिश्रपिकाचा दुसरा लाभ दिसून येतो. नुसते रोशा लावले तर पहिल्या वर्षी संयंत्र महिनाभर चालते आणि अकरा महिने गंजत पडते. बारा तुकड्यांतील तुळशीच्या सुमारे ४० भरण्या सप्टेंबरमध्ये होतात; दिवसाला तीन भरण्या धरल्या तरी संयंत्र आणखी दोन आठवडे चालते. यंत्र बसविण्याचा खर्च दोन पिकांवर विभागला जातो आणि कामगारांचा हात रोशाच्या मुख्य हंगामापूर्वीच बसतो. शेतातील रिकामी ओळ आणि वर्षातील रिकामी भट्टी, या दोन्ही उणिवा एकाच सोबती पिकाने भरून निघतात.

काही दक्षता आवश्यक आहेत. एका पिकाचा वास दुसऱ्याच्या तेलात उतरू नये म्हणून पीक बदलताना टाकी, नळी व शीतक धुऊन नुसती वाफ सोडावी. तुळस पावसानंतर लगेच न कापता दोन-तीन दिवस ऊन पडल्यावर कापावी. ओलसर हवेत तेल कमी मिळते. कापलेल्या गवताचे ढीग दाबून ठेवू नयेत, ते आतून तापून कुजतात. सावलीत पसरून थोडे सुकविल्यास टाकीत माल अधिक मावतो. तेलातील पाण्याचा अंश काढून ते काचेच्या अथवा ॲल्युमिनियमच्या कोरड्या भांड्यात काठोकाठ भरून, प्रकाशापासून दूर ठेवावे. साध्या प्लास्टिकच्या डब्यात ते ठेवू नये.

जळणाचा प्रश्न या तालुक्यात विशेष जपून सोडविला पाहिजे. भट्टीसाठी जंगलातील लाकूड तोडले जाऊ लागले तर एका हाताने बरडी हिरवी करून दुसऱ्या हाताने वन उजाड केल्यासारखे होईल. तेल काढलेला चोथा वाळवून तोच जळणासाठी वापरता येतो. उरलेला आच्छादनास आणि कंपोस्टला उपयोगी पडतो. संयंत्राची जागा शीतकाच्या पाण्यासाठी बोडीच्या अथवा विहिरीच्या जवळ असावी.

वन्य प्राणी आणि बाजार

सुगंधी गवताला जनावरे तोंड लावीत नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. गवती चहा व सिट्रोनेला यांबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे. रोशाची कोवळी पाने मात्र जनावरे प्रसंगी खातात, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत राखण हवीच. धान किंवा उडदाप्रमाणे हे पीक रानडुकरांना ओढून आणीत नाही, हा खरा फायदा. परंतु गवत म्हणजे कुंपण नव्हे. उंच गवतात प्राणी लपूही शकतात, म्हणून घरांच्या व पायवाटांच्या अगदी लगत ते लावू नये.

बाजाराविषयीही अशीच सावधगिरी हवी. सुगंधी तेलांचे भाव चढउताराचे असतात. एका वर्षीच्या चढ्या भावावरून पाच वर्षांचा हिशेब मांडणे धोक्याचे आहे. ठोंब किंवा रोपे विकणाराच तेल विकत घेण्याचे तोंडी आश्वासन देत असेल आणि भाव, मुदत व तपासणीची रीत लेखी देत नसेल, तर तो व्यवहार टाळावा. तेलाची किंमत त्यातील मुख्य द्रव्याच्या प्रमाणावर ठरते, म्हणून विक्रीपूर्वी नमुन्याचे प्रयोगशाळेत परीक्षण करून घेणे विक्रेत्याच्या हिताचे असते. कनौज येथे १९९१ मध्ये स्थापन झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र अशा परीक्षणाचे व प्रशिक्षणाचे काम करते. लखनौच्या संस्थेची स्थापना १९५९ सालची. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हाती घेतलेल्या अरोमा मिशनमध्ये विदर्भ आणि मराठवाडा यांचा आवर्जून समावेश करण्यात आला. २०२१ मध्ये या मोहिमेचा दुसरा टप्पा सुरू झाला. स्थानिक मार्गदर्शनासाठी हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान यांचा उपयोग होऊ शकतो.

पंचायत आणि शाळा

या कामाचा क्रम उलटा झाला की ते फसते. आधी रोपे वाटली, मग लागवड झाली, मग संयंत्राचा शोध सुरू झाला आणि शेवटी ग्राहकाचा, असा प्रवास होऊ नये. ग्रामपंचायतीने प्रथम दोन-तीन खरेदीदारांकडून तेलाच्या दर्जाची अपेक्षा समजून घ्यावी. त्यानंतर संयंत्र कोणाच्या मालकीचे, कोठे आणि कोणत्या नियमांनी चालेल हे शेतकऱ्यांच्या अथवा बचत गटाच्या सभेत ठरवावे. मग बरडीच्या तुकड्यांची यादी करून पहिल्या वर्षी संयंत्राच्या शक्तीइतकीच लागवड करावी. शेतातील व वनातील मालाची गल्लत होऊ नये म्हणून लागवडीची नोंद ठेवावी आणि वाहतुकीच्या नियमांची माहिती वन विभागाकडून आधीच घ्यावी. शेतकऱ्यानेही सारी बरडी एकदम न गुंतविता काही ओळींत घरच्या डाळीची सोय ठेवावी.

शिक्षकांसाठी हा विषय प्रात्यक्षिकाचा आहे. शाळेच्या आवारात सारख्या मापाचे तीन वाफे करावेत. एकात नुसते गवत, दुसऱ्यात नुसती तुळस आणि तिसऱ्यात दोन्ही. विद्यार्थ्यांनी लागवडीची तारीख, उंची, खुरपणीस लागलेला वेळ आणि कापणीचे वजन लिहून ठेवावे व शेवटी भूमी-तुल्यता गुणोत्तर काढावे. चार महिन्यांत विद्यार्थ्यांच्या वहीत जमणारे हे आकडे त्याच गावच्या मातीतले असतील. बरडीवर पैसा घालण्यापूर्वी पालकांनी ते अवश्य पाहावेत.

खानदेशातील भट्ट्या रानातल्या गवतावर चालल्या आणि गवतामागे गाव सोडून गेल्या. सडक अर्जुनीत भट्टी मांडावयाची असेल तर तिच्या आधी शेतात गवत, गवताच्या ओळीत तुळस आणि सभेच्या इतिवृत्तात हिशेब असला पाहिजे. तसे झाले तर बांधीतील धानाला धक्का न लावता बरडीचा तुकडा कुटुंबाला सप्टेंबरमध्ये एक आणि दिवाळीच्या सुमारास दुसरे असे दोनदा उत्पन्न देऊ शकेल, आणि तिची मातीही बोडीत न जाता जागच्या जागी राहील.